पागुमेची दहावी तारीख

येशीमेबेत गर्मामे हिला ऑफिसात कुणी पूर्ण नावाने हाक मारली, की समजावं, काहीतरी बिघडलंय आणि त्याचं खापर आता तिच्या डोक्यावर फुटणार आहे. एरवी ती नुसती येशी. पाठीमागे ‘सासूबाई’. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामात खोट शोधायची, ही तिची नोकरी. पोरांनी महिनोन्‌महिने खपून काहीतरी उभं करायचं आणि हिने येऊन म्हणायचं, इथे पाय अडखळतो, तिथे दार लागत नाही. अशा बाईला सासू नाही म्हणणार तर काय म्हणणार? मला विचाराल तर त्या चौथ्या मजल्यावर खरं बोलायला ठेवलेलं ते एकच माणूस होतं, आणि खरं बोललेलं तिथे कुणालाच नको होतं.

राजधानीत, अदिसमध्ये, मेगेनान्याच्या चौकाजवळच्या त्या कंपनीला एका संस्थेचं काम मिळालं होतं. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत फेफरं, क्षय, रक्तदाब असल्या दुखण्यांच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळतात. आज गोळ्या दिल्या, की औषधवाल्याने हातातल्या टॅबवर नोंद करायची. पुढची तारीख प्रोग्राम काढणार. त्या तारखेला रोग्याच्या फोनवर निरोप जाणार आणि जिल्ह्याच्या कोठारातून त्याच्या नावाचं पाकीट दवाखान्यात येणार. सगळा डोलारा त्या एका तारखेवर. तारीख चुकली की पाकीट नाही, पाकीट नाही की गोळी नाही.

आणि फेफऱ्याची गोळी चुकली तर काय होतं, हे येशीला कुणी शिकवायला नको होतं. तिची आई, झेनेबेचबाई, गोज्जामातल्या एका बाजारगावी एकटी राहते. तिला तरुणपणापासून फेफरं. आई शेगडीपाशी कॉफी भाजायला बसली, की लहानगी येशी खेळ टाकून तिच्याजवळ येऊन बसायची, डोळा आईच्या हातावर. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा कुठे बाई चार माणसांत उठूबसू लागली. हे नवं सॉफ्टवेअर आपल्या गावातही येणार असं कळल्यावर तिने अख्ख्या आळीला सांगून टाकलं, की दवाखान्यातलं यंत्र माझ्या लेकीनं केलंय.

"एमाये, मी करत नाही गं, मी फक्त तपासते," येशी फोनवर म्हणाली.

"तेच ते. रांधणारीपेक्षा मीठ बघणारी मोठी," आई म्हणाली.

त्या पावसाळ्यात चाचण्या कोसळायला लागल्या. रोज सकाळी सगळ्या चाचण्या एकामागून एक चालवायच्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर आणि टॅबवर, असा रिवाज होता. कॉम्प्युटरांवर सगळं हिरवंगार. टॅबवर मात्र प्रोग्राम मध्येच मान टाकायचा. तेही रोज नाही. आज कोसळला, उद्या नाही, परवा पुन्हा. जाताना कारण सांगून जाईल तर शपथ.

"टॅब स्वस्तातले आहेत," अशग्रे म्हणाला. अशग्रे म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा म्होरक्या, बोलका, हुशार आणि आपल्या हुशारीवर फिदा. नाचता येईना अंगण वाकडं.

मालक दानाचेव म्हणाले, "टॅबवर त्या चाचण्या वगळा. कॉम्प्युटरवर पास होतायत ना? मग झालं."

या धंद्यातली ही जुनी पळवाट. जी चाचणी ज्या यंत्रावर रडते, तिच्या कपाळावर लिहायचं, ‘इथे वगळा’. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर अहवाल स्वच्छ. येशी म्हणाली, "मला थोडी मुदत द्या. मी शोधते." मालकांनी मान डोलावली; सासूबाई एका कोपऱ्यात गुंतून राहिल्या तर कुणाला नको होतं?

तिने एकेक चाचणी सुटी चालवून पाहिली. सगळ्या पास. एकत्र चालवल्या, की कोसळल्या. मग निम्म्या या बाजूला, निम्म्या त्या बाजूला, त्यातल्या पुन्हा निम्म्या, असं करत ती कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकू लागली. एकेकटी सगळीच सज्जन, घोळक्यात कोण काय करतं तेच कळेना. वीज जायची, कॉम्प्युटर बंद पडायचे, पोरं खिडकीत उभी राहून गप्पा हाणायची. येशी मांडीवर टॅब घेऊन बसलेली. एकाने विचारलं, "सासूबाई, पोराला झोपवताय का?" ती म्हणाली, "तुझंच आहे. फार रडतं." शेवटी तिने ओळखीतून एक महागडा टॅब उसना आणला. तोही त्याच झोकात कोसळला. स्वस्ताईची सबब तिथेच संपली.

मग तिने चाचण्यांकडे बघणं सोडलं आणि त्यांच्या पोटातल्या तारखांकडे बघायला लागली. चाचण्या दर वेळी वेगळ्या तारखा उचलायच्या. ज्या दिवशी प्रोग्राम कोसळला, त्या प्रत्येक दिवशी उचललेली तारीख नेहासे महिन्यातली, म्हणजे बाराव्या महिन्यातली होती. त्यात तीस दिवस मिळवले, की वर्षाची कड ओलांडली जायची.

आपण मराठी माणसं दुष्काळात तेरावा महिना म्हणतो. इथे तेरावा महिना सुकाळातही येतो, दरवर्षी येतो. तीस-तीस दिवसांचे बारा महिने झाले, की शेवटी पाच दिवस उरतात, कधी सहा. त्या उरल्यासुरल्या दिवसांचा महिना तो पागुमे.

प्रोग्रामात महिन्यांची एक चाळ होती म्हणा ना. प्रत्येक खोलीत त्या त्या महिन्याचे दिवस मांडलेले. खोल्या बारा. पागुमेचे दिवस किती असं विचारलं, की यंत्र तेराव्या खोलीचं दार उघडायला जायचं, आणि तिथे चाळ संपलेली. कॉम्प्युटरांवर त्या जागी योगायोगाने दुसऱ्याच कुणाचा तरी आकडा बसलेला असायचा, महिन्याच्या गोळ्यांचा: तीस. कॉम्प्युटर तो उचलून मोकळा. पागुमेचे दिवस तीस! आणि मग बिनदिक्कत तारखा निघायच्या, पागुमे दहा, पागुमे बावीस. सृष्टी निर्माण झाल्यापासून जे दिवस कधी उगवले नाहीत, ते. चाचणी लिहिणाऱ्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की तारीख निघाली का? निघाली. पास. टॅबवर मात्र एकेकट्या चाचणीला चाळीपलीकडे काहीतरी मिळायचं, घोळक्यात कधी कधी नुसता खड्डा. खड्डा असला की टॅब पडायचा.

येशी खुर्चीला टेकून बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. एरवी खोट सापडली की तिला होतो. या वेळी झाला नाही. इतके दिवस ज्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या, तो टॅबच तेवढा खरं बोलत होता. बाकीचे हसतमुखाने खोटं बोलून शाबासकी घेत होते.

कॉफीच्या दुसऱ्या फेरीला तिने अशग्रेला गाठलं.

"अशग्रे, तुझ्या कोष्टकात पागुमे नाहीच."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग तो हसला. "अगं, ते पगाराच्या सॉफ्टवेअरातनं उचललंय. तिथं बाराच लागतात. पागुमेचा पगार तुझ्या बापाने तरी कधी घेतला होता का?"

सगळे खो खो हसले. खरंच आहे, पागुमेचा पगार इथे कुणाला मिळत नाही. बारा महिन्यांच्या पगारात ते दिवस फुकट राबायचे. घरमालकही पागुमेचं भाडं मागत नाही, एवढीच काय ती भरपाई. पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेलं, की हे दिवस मोजायचे नसतात. एखाद्या परदेशी माणसाने भिंतीवरचं कॅलेंडर बघून तेरा खोल्या बांधल्या असत्या. ही चूक करायला त्याच मातीत जन्मावं लागतं.

"पगार नसतो," येशी म्हणाली, "फेफरं असतं. त्याला पागुमेची सुटी नसते."

"सासूबाई, आधी कॉफी घ्या. निवतेय."

दुरुस्ती केवढी? एक खोली वाढवायची. पण तेच कोष्टक पगाराच्या सॉफ्टवेअरातही होतं, ते विकून झालेलं, त्याला हात लावला तर ते सगळं पुन्हा तपासायला हवं; आणि संस्थेला माल सोपवायचा दिवस डोक्यावर आलेला. अशग्रेने हुशारी केली. टॅब खड्ड्यापाशी आला, की त्याने पडायचं नाही, गुपचूप ‘तीस’ म्हणायचं, असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रं एकमताची झाली. टॅबवरही सगळं हिरवं. दानाचेवांनी सगळ्यांना बोलावून इथल्या रीतीने मोठा पाव कापला, टाळ्या झाल्या.

"हे दुरुस्त झालेलं नाही," येशी उभी राहून म्हणाली. "खरं बोलणाऱ्यालाही तुम्ही खोटं शिकवलंत."

"येशीमेबेत," दानाचेव म्हणाले, "कोसळतंय का आता?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"पागुमेची दहावी तारीख निघतेय, अतो दानाचेव. असा दिवसच नाही. नेहासेत गोळ्या नेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पाकीट त्या दिवसाच्या नावावर अडकणार."

"अगं, पाच दिवसांच्या महिन्यासाठी मी संस्थेपुढे हात जोडू? नव्या वर्षानंतर बघू निवांत. आणि पाकीट आलं नाही तर लोक काय तोंड शिवून बसतील? ओरडतील, औषधवाला हाताने लिहून मागवेल. आपले लोक भांडायला कुणाला ऐकत नाहीत."

पुन्हा सगळे हसले. चाचण्या पास झाल्याच्या कागदावर येशीने सही करायला नकार दिला. अशग्रेने तिच्या जागी आपली केली, आणि जाता जाता म्हणाला, "माझ्यावर राग धरू नकोस. करायचंय मलाही. पण आत्ता नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्या कंपनीत वाईट माणूस शोधून सापडला नसता, हेच तर दुखणं. माल वेळेवर गेला.

येशीने आईला फोन लावला.

"एमाये, नीट ऐक. नेहासेतल्या गोळ्या घेशील ना, त्याच्या पुढची तारीख यंत्र चुकीची दाखवेल. निरोपाची वाट बघू नकोस. नवं वर्ष लागलं की लगेच दवाखान्यात जा आणि सांग, यंत्र चुकलंय, माझं पाकीट हाताने लिहून मागवा."

पलीकडून आईने विचारलं, "यंत्र चुकलंय म्हणून सांगू?"

"हो. माझं नाव घेऊन सांग हवं तर."

"बरं."

अदिसमध्येही येशीने दुकानं पालथी घातली, चार गोळ्या पाठवून ठेवाव्यात म्हणून. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि चिठ्ठी दवाखान्यात, आईच्या नावावर. शेजारच्यांकडून औषधवाल्याचा नंबर मागितला, तो लागला नाही. पागुमेचे पाच दिवस आले नि गेले. नव्या वर्षाला तिला सुटी मिळाली नाही. माल नवा, कुणीतरी फोनपाशी बसायला हवं. आठवड्याने तिने आईला विचारलं, "एमाये, मिळाल्या का गोळ्या?"

"मिळाल्या गं. तू तुझं काम बघ. कामावर जेवतेस ना वेळेवर?"

यंत्राचं खोटं ओळखणारी बाई आईच्या एका ‘मिळाल्या’वर निर्धास्त झाली.

मेस्केलच्या सणाला गावी जायची ती पिशवी भरत होती, तेव्हा शेजारच्या आल्गानेशबाईंचा फोन आला. आई कॉफी भाजायला बसली होती. फेफरं आलं. उजवा हात कोपरापर्यंत शेगडीत गेला, आणि माणसं धावून येईपर्यंत तिथेच राहिला.

येशी घरी पोचली तेव्हा आई खाटेवर पडलेली, हात पांढऱ्या पट्ट्यांचं गाठोडं झालेला. दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण बोटं पुन्हा मिटतील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. आळीतल्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. येशीने उशाशी बसून हळू आवाजात विचारलं, "तू तर म्हणालीस मिळाल्या."

"पवित्र पाण्याने अंघोळ केली की रोज. वाटलं, तेवढ्यावर निभेल."

"दवाखान्यात गेली होतीस का?"

"गेले होते. औषधवाल्याने यंत्रात पाहिलं आणि म्हणाला, आजी, तुमची तारीख पागुमे दहा दाखवतंय. सगळी रांग हसली." आईने डोळे मिटले. "मग त्याने विचारलं, यंत्र चुकलंय का? रांगेत अर्धी आळी उभी. त्या सगळ्यांदेखत मी म्हणू, माझ्या लेकीचं यंत्र चुकलंय? मी म्हटलं, यंत्र चुकणार नाही, आणि माझ्याकडे गोळ्या भरपूर आहेत."

येशीला काय वाटलं ते मी सांगायला नको. ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला समोर एक भाजलेली म्हातारी तेवढी होती.

तेवढ्यात फोन वाजला. दानाचेव. त्यांना कळलं होतं. त्यांचा आवाज खरोखर कळवळ्याचा होता. आईची चौकशी केली, लागेल तेवढी रजा घे म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "आणि ते पागुमेचं मनावर घेऊ नकोस हां येशी. आता पागुमे गेला. दुरुस्तीला आख्खं वर्ष आहे हातात." येशीने बरं म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी औषधवाला आला, शुमेत नावाचा, पन्नाशीचा, भिडस्त माणूस. हातात झेनेबेचबाईंच्या नावाचं पाकीट. दारातच आल्गानेशबाई त्याच्यावर तुटून पडल्या.

"आलास? आता आलास? म्हातारीला रिकाम्या हातांनी परत धाडताना लाज नाही वाटली?"

"अहो एतिये, माझं ऐका तरी," शुमेत म्हणाला. "यंत्र भलतीच तारीख दाखवत होतं. अर्ध्या गावाची पाकिटं आली नाहीत. लोक ओरडले, मी हाताने लिहून मागवली, जिल्ह्याला दोनदा जाऊन आलो. आजींना मी स्वतः विचारलं. त्या म्हणाल्या, आहेत गोळ्या."

"म्हणे यंत्र! नाचता येईना, आणि दोष यंत्राला. ते यंत्र या घरच्या लेकीनं केलंय, ठाऊक आहे ना?"

बाया कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, याची वर तक्रार करायला हवी, याला इथून काढायला हवा. शुमेतने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती येशीवर आणून ठेवली. पडक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा यांना. तुम्हाला तर माहीत असेल. यंत्रात चूक होती की नाही?"

आईने डोळे उघडले. ती शुमेतकडे बघत नव्हती, बायांकडेही नाही. लेकीकडे बघत होती, आणि त्या नजरेत भीती होती. हात जळताना सुद्धा नसेल एवढी.

मालकाच्या तोंडावर जी म्हणाली होती ‘हे दुरुस्त झालेलं नाही’, जिने सही करायला नकार दिला होता, ती येशीमेबेत गर्मामे खाली मान घालून म्हणाली, "यंत्र बरोबर आहे."

आईने सुस्कारा सोडला. शुमेतने पाकीट खाटेच्या कडेला ठेवलं, टोपी डोक्यावर चढवली आणि बायांच्या शिव्या खात अंगणातून बाहेर पडला. येशीने पाकीट फोडून एक गोळी काढली, आईच्या तोंडात घातली, आणि पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला.